सात त्रिकला अडलेला पोरगा

अगं, तुझा मेसेज वाचला. काल घडाघडा पाढा म्हणणारा पोरगा आज 'सात त्रिक?' विचारल्यावर नुसता तोंडाकडे बघत बसला म्हणून तू चिडलीस, मग फाईलमध्ये त्याच्या आईच्या गरोदरपणातल्या दारूबद्दल वाचलंस आणि आता म्हणतेस शिकवून उपयोगच काय. कालचा राग चूक आणि आजची निराशापण चूक. तो अडतो कुठे ते बघ आधी.

आईच्या दारूने पोटातल्या बाळाला जे होतं त्याला १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं, चेहऱ्यावरच्या खुणा म्हणजे पातळ वरचा ओठ, नाकाखालची खाच पुसट वगैरे. पण पोटात असताना दारूचा फटका बसलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, म्हणून ती सरळ आळशी नाहीतर उद्धट ठरतात. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं त्यांना जड जातं, गणित तर खासच. बोलायला चुरूचुरू असतात ना, म्हणून आपण फसतो. तू एका दमात सांगतेस वही काढ, तारीख टाक, पान उघड, तिसरं गणित सोडव, आणि वही हातात येईपर्यंत त्याचं बाकीचं सगळं गेलेलं असतं. एकच सांग, ते होऊ दे, मग पुढचं. पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटव. लाड करते म्हणून मला स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकवलंय, पण तक्ता बघत बघत पोरं भागाकार शिकली, नाहीतर सातातच अडकली असती. मी बरोबरच होते.

आणि फाईलवरून भविष्य सांगू नकोस, प्लीज. अमेरिकेत १९८० च्या दशकात गरोदरपणी क्रॅक कोकेन (ओढायचं कोकेन) घेणाऱ्या आयांच्या बाळांबद्दल अख्खी पिढी वाया गेली अशी ओरड झाली. फिलाडेल्फियात अशी मुलं आणि तशाच गरीब घरातली, कोकेनचा संबंध न आलेली मुलं वर्षानुवर्षं तपासली, तर बुद्ध्यांकात फारसा फरक निघेना, दोन्हीकडे कमीच, गरिबीने दोघांनाही सारखंच मागे ओढलेलं. दारूचं तसं नाही, ती मेंदूच्या घडणीतच घुसते, हे तुझ्यापासून लपवणार नाही. तरी हा पोरगा नेमका कुठे अडतो ते फाईल सांगत नाही, नाहीच सांगत! आईवर पण डोळे वटारू नकोस, दिवस गेलेत हेच कित्येकींना सुरुवातीचे आठवडे माहीत नसतं, आणि नीट विचारलंस तर घरी तो कुठे अडतो ते तीच सांगेल.

माझ्या वर्गातला एक नववीत शाळा सोडून गेला, शेवटपर्यंत सगळे त्याला उद्धटच म्हणत राहिले. अजून बोचतं मला ते.

उद्या पाढा विचारू नकोस. एकवीस खडे दे, सात-सातचे ढीग करायला सांग, हात कुठे थांबतो ते लिहून मला पाठव. निष्कर्ष नको, फक्त कुठे थांबला ते.