बागेचे प्रश्न : शरदात लावायचे डबल ट्यूलिप

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी घरासमोरच्या हिरवळीलगत डबल ट्यूलिपचे पन्नास कंद चार बोटे खोल लावले. वसंतात फुले सुरेख आली, पण मे महिन्यातल्या एकाच पावसात सगळी आडवी झाली आणि यंदा तर बहुतेक कंदांना एकेक रुंद पान आले, फूल नाहीच. या शरद ऋतूत पुन्हा लावायचे आहेत. चूक कुठे झाली?

उत्तर : आपण लिहिलेल्या ‘एकेक रुंद पान’ या खुणेतच अर्धे उत्तर आहे. ट्यूलिपचा कंद निशिगंधासारखा वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी पसरत जात नाही. लावलेला मूळ कंद फुलापायी स्वतः संपून जातो आणि त्याच्या जागी काही लहान पिल्ले तयार होतात. पिल्लू पुरेसे पोसलेले असेल तरच त्याच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी धरते, नाहीतर ते एकच पान काढून थांबते. ही पोसणी फूल ओसरल्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांत हिरव्या पानांकडून होते आणि त्यानंतर कंदाला कोरडा, उबदार उन्हाळा लागतो, कारण ट्यूलिपचे मूळ घर मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर आहे. तिथे हिवाळा कडाक्याचा आणि उन्हाळा रखरखीत असतो. आपल्या हिरवळीला उन्हाळाभर फवाऱ्याचे पाणी मिळत असणार, आणि त्या ओलीत कंद पोसण्याऐवजी कुजतात.

माझे स्पष्ट मत असे, की डबल जातींकडून दुसऱ्या वर्षीच्या फुलांची अपेक्षा ठेवू नये. उत्तम जागेतही त्या क्वचितच पहिल्यासारख्या फुलतात. दर शरदात नवे कंद आणावेत, घेताना १२ सेंटीमीटर किंवा अधिक घेराचे आणि हाताला घट्ट लागणारे निवडावेत, आणि फुले संपली की ते काढून टाकावेत. एवढ्या सुंदर झाडाला एका ऋतूचे मानणे मलाही सुरुवातीला जिवावर आले होते. पण अर्धवट फुललेला वाफा पाहण्यापेक्षा ते बरे.

आता लावणीविषयी. सप्टेंबरची माती अजून उबदार असते आणि अशा मातीत ट्यूलिपला बुरशीचा धोका वाढतो. जमीन १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावी. आपल्या भागात हे ऑक्टोबरच्या अखेरीस घडते आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतही लावणी चालते, म्हणजे दिवाळी आटोपून कंद लावले तरी उशीर झालेला नसतो. त्यानंतर १२ ते १६ आठवड्यांची थंडी कंदाला मिळाली पाहिजे. कळी कंदात आधीच, उन्हाळ्यात, तयार झालेली असते. थंडी कमी पडली तर दांडा लांबत नाही आणि फूल पानांतच अडकून राहते. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर असावी. चार बोटांवर लावलेला कंद खारी सहज उकरतात आणि दांड्याला आधारही कमी मिळतो. मातीवर बारीक जाळी पसरून ती थंडी संपताच काढावी. हरणांचा वावर असेल तर मात्र कुंपणावाचून गत्यंतर नाही, कारण ट्यूलिपच्या कळ्या त्यांना फार आवडतात. एकाच वाफ्यात सलग ट्यूलिप लावू नयेत. करपा पाडणारी बुरशी मातीत टिकते, म्हणून तीन वर्षे तरी जागा बदलावी.

फुले आडवी होण्याचे कारण फुलाच्या घडणीत आहे. डबल जास्वंदीप्रमाणेच इथेही पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. सहाऐवजी कितीतरी पाकळ्यांचा तो गेंद पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि वजनाने दांडा वाकतो. म्हणून भिंतीच्या किंवा झुडपांच्या आडोशाला, पण भरपूर ऊन मिळेल अशी जागा निवडावी आणि कंद १० ते १२ सेंटीमीटर अंतरावर दाट लावावेत, म्हणजे दांडे एकमेकांना धरून राहतात.

जातींत दोन गट आहेत आणि ते मिसळले तर बहर लांबतो. लवकर फुलणारे डबल ट्यूलिप आपल्याकडे एप्रिलच्या मध्यास उमलतात. पिवळा ‘मोंटे कार्लो’ आणि गुलाबी ‘पीच ब्लॉसम’ या त्यातल्या जुन्या, भरवशाच्या जाती. त्यांचे दांडे आखूड असल्याने वाऱ्यापावसात त्याच अधिक तग धरतात, म्हणून उघड्या जागेसाठी मी त्यांचीच शिफारस करेन. उशिरा फुलणाऱ्यांना पिओनी या भरगच्च पाकळ्यांच्या फुलासारखी फुले येतात : फिकट गुलाबी ‘अँजेलिक’, पांढरा ‘माउंट टकोमा’, जवळजवळ काळा भासणारा ‘ब्लॅक हीरो’. हे मे महिन्यात येतात आणि उंच असल्याने आडोसा त्यांनाच हवा. आपले आडवे झालेले ट्यूलिप बहुधा याच गटातले असावेत.

प्रश्न : पुण्यात गच्चीवरच्या कुंडीत हे ट्यूलिप येतील का?

उत्तर : पुण्याच्या हिवाळ्यात पहाट गार असली तरी दुपार तापते, त्यामुळे नैसर्गिक थंडी पुरत नाही. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ट्यूलिप उद्यानाला ती आपसूक मिळते. आपल्याला ती फ्रीजमध्ये द्यावी लागेल. कंद कागदी पिशवीत घालून ४ ते ७ अंशांवर १२ ते १४ आठवडे ठेवावेत आणि शेजारी सफरचंदे किंवा इतर पिकलेली फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. डिसेंबरअखेरीस भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत लावून कुंडी फक्त सकाळच्या उन्हात ठेवावी. पहिल्या वर्षी डबलपेक्षा साध्या, एकेरी जातीवर प्रयोग करावा. उन्हात भरगच्च कळ्या उमलण्याआधीच सुकण्याची शक्यता जास्त असते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कंद त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत, ते त्यांना विषारी असतात.