फ्रीस्टाइल विंडसर्फिंगच्या (शिडाच्या बोर्डवर उड्या-कसरती करण्याच्या) स्पर्धेसाठी परदेशी जाताना स्वतःचा बोर्ड न्यावा की तिथेच भाड्याने घ्यावा?

स्पर्धा असेल तर स्वतःचाच न्या. नुसती सहल असेल तर भाड्याने घ्या. भाड्याचे बोर्ड बहुधा फ्रीराइडचे, म्हणजे नुसते मजेत फिरण्याचे, आणि लांब फिनचे (बोर्डाखालच्या पात्याचे) असतात. फ्रीस्टाइलला साधारण १८-२० सेंमीची आखूड फिन लागते, नाहीतर उडी मारून उतरल्यावर बोर्ड मागच्या दिशेने घसरत नाही, अडकतो आणि आपण तोंडावर आपटतो. मास्ट (शिडाचा खांब) दोन तुकड्यांचा असतो, बॅगेत मावतो. खरी कटकट वजनाची: बऱ्याच विमान कंपन्या ३२ किलोंवरची बॅग घेत नाहीत. तिकिटाआधीच बॅगेची लांबी कळवून लेखी होकार घ्या. काउंटरवरची हुज्जत मी भोगलीय. अपवाद कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाचा. तिथल्या लाक बे या उपसागराच्या कमरेएवढ्या पाण्यात किरी थोडसारखे फ्रीस्टाइलवाले घडले, त्यामुळे किनाऱ्यावरच फ्रीस्टाइलचे बोर्ड भाड्याने मिळतात.