अमेरिकेत फिजिओ व्हायचंय, मग आधी पीटीए होऊ का?

सांगलीकडून एका मुलीचं पत्र आलंय. फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बीपीटीएच झालं, इंटर्नशिप झाली, सध्या एका ऑर्थोच्या हाताखाली क्लिनिकमध्ये काम चालू आहे, लग्न ठरलंय आणि नवरा कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तिने तीन गोष्टी विचारल्यात. पीटीचं म्हणजे फिजिकल थेरपिस्टचं लायसन्स फार अवघड असतं म्हणतात, तर आधी पीटीए म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट होऊन मग पुढे जाऊ का? तिकडच्या ओळखीच्या एक ताई म्हणतात एड म्हणजे मदतनीस म्हणून क्लिनिकला लाग, पेशंट आपोआप हाताखाली येतात, हे बरोबर आहे का? आणि ट्रान्झिशनल डीपीटीचा, म्हणजे आधीच फिजिओ असलेल्यांसाठीच्या डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी पदवीचा, ऑनलाइन कोर्स केला की लायसन्स मिळतं असं एक एजंट सांगतोय, त्याला पैसे भरू का?

अगं, सगळ्यात आधी एजंटला पैसे भरू नकोस. बाकीचं सावकाश वाच, थोडं लांबणार आहे.

तिकडे अमेरिकेचं असं एक लायसन्स नसतं, प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं आणि कायदाही वेगळा. परीक्षा मात्र देशभर एकच, एनपीटीई, ती एफएसबीपीटी ही संस्था घेते. 200 ते 800 अशा स्केलवर 600 ला पास, पीटीची परीक्षा वर्षातून चार वेळा होते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. पण परीक्षेला बसू द्यायचं की नाही आणि पास झाल्यावर लायसन्स द्यायचं की नाही हे राज्य ठरवतं. म्हणून आधी राज्य पक्कं कर. तुझं राज्य नवऱ्याच्या नोकरीने ठरवलंय, कॅलिफोर्निया, तर आता त्याच बोर्डाचे नियम वाचायचे, न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला जे लागू झालं ते तुला लागू होईलच असं नाही.

आता पीटीए. बऱ्याच जणींना वाटतं ही पीटीची पहिली पायरी आहे, तसं अजिबात नाहीये. तो वेगळा कोर्स, वेगळं लायसन्स, वेगळी परीक्षा. कॅप्टी (तिकडे फिजिओच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यतेचा साधारण दोन वर्षांचा असोसिएट डिग्री कोर्स हा त्याचा मुख्य रस्ता. तुझ्या बीपीटीएचवर थेट पीटीएच्या परीक्षेला बसू देतील असं धरून चालू नकोस, तेही राज्याराज्यावर आहे. आणि समजा झालीस पीटीए, पाच वर्षं काम केलंस, तरी त्या पाच वर्षांनी पीटीच्या लायसन्सकडे तू एक पाऊलसुद्धा सरकत नाहीस, तेव्हाही तुला तुझ्या डिग्रीचं मूल्यांकन आणि पीटीची एनपीटीई हेच करावं लागणार.

शिवाय पीटीएला काय करता येतं ते नीट समजून घे. पहिलं इव्हॅल्युएशन पीटी करणार, प्लॅन ऑफ केअर म्हणजे उपचारांचा आराखडा पीटी लिहिणार, त्यात बदल पीटी करणार, डिस्चार्जही पीटीच ठरवणार. पीटीए त्या प्लॅनच्या आत राहून ट्रीटमेंट देतो. समज गुडघा बदललेल्या एका काकांचं तिसरं सेशन आहे, आज त्यांची पोटरी सुजलीये, हाताला गरम लागतेय, दाबलं की दुखतंय. तुला बघताक्षणी डीव्हीटीची, म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची, शंका येईल, इंटर्नशिपमध्ये तू हे पाहिलेलं असणारच. पण पीटीए म्हणून तुझं काम एवढंच की व्यायाम थांबवायचा, ताबडतोब पीटीला कळवायचं आणि जे दिसलं ते नोटमध्ये लिहायचं. पुढे काय करायचं हा निर्णय तुझा नाही. साडेचार वर्षं शिकलेल्या मुलीला रोज हे मनातल्या मनात ठेवणं जड जातं, आणि एखाद्या दिवशी ती नकळत रेषा ओलांडते, तो खरा धोका.

सुपरव्हिजनचेही प्रकार आहेत. जनरल म्हणजे पीटी तिथे हजर नसला तरी फोनवर मिळाला पाहिजे, डायरेक्ट म्हणजे त्याच जागेत हजर पाहिजे. एका पीटीच्या हाताखाली किती पीटीए हेही राज्य ठरवतं, कॅलिफोर्नियात एका वेळी दोनच, न्यूयॉर्कमध्ये चारपर्यंत चालतात. वर इन्शुरन्सचे नियम निराळे. मेडिकेअरने, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, खाजगी प्रॅक्टिसमध्ये पीटीएसाठी डायरेक्ट सुपरव्हिजनची अट ठेवली होती, ती 2025 च्या सुरुवातीपासून जनरलवर आणली, पण राज्याचा कायदा जास्त कडक असेल तर तोच पाळावा लागतो. आणि 2022 पासून पीटीएने दिलेल्या ट्रीटमेंटला मेडिकेअर 85 टक्केच पैसे देतं, त्यामुळे क्लिनिकवाले किती पीटीए ठेवायचे याचा हिशोब करतातच, तूही तो लक्षात ठेव.

एडचं तर त्याहून स्पष्ट आहे. एडला लायसन्स नसतं. मशीन लावणं, जागा आवरणं, पेशंटला टेबलपर्यंत आणणं ही कामं ठीक. कॅलिफोर्नियात एड पेशंटच्या ट्रीटमेंटमध्ये मदत करत असेल तर पीटी त्याच ठिकाणी हजर लागतो आणि त्या दिवशी पीटीने स्वतः त्या पेशंटला तपासलं किंवा ट्रीट केलं पाहिजे, तशी नोंदही करायला लागते. त्या ताई म्हणतात तसं पेशंट आपोआप हाताखाली येत असतील तर तिथे नियम मोडला जातोय, दुसरं काही नाही. आपल्याकडे क्लिनिकमध्ये सर ओपीडीत असतात आणि मागे ज्युनियर सगळं सांभाळते, तुझं आत्ताही तसंच चाललं असेल, पण तिकडे हीच सवय नडते. उद्या बोर्डाकडे तक्रार गेली तर त्या पीटीचं लायसन्स अडचणीत येईल, आणि तू लायसन्स नसताना प्रॅक्टिस केलीस असा शेरा तुझ्या फाइलवर बसला तर पुढचा अर्ज कुठल्या तोंडाने करणार? त्यात तू एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर जाणार, ईएडी म्हणजे कामाचा परवाना असल्याशिवाय पगाराचं काम करताच येत नाही, आणि एच-फोरला ईएडी मिळायला नवऱ्यासाठी कंपनीने केलेला ग्रीन कार्डचा अर्ज, आय-140, मंजूर असणं हा नेहमीचा मार्ग आहे. फुकट करते म्हटलं तरी सुटका होईलच असं नाही, त्यासाठी इमिग्रेशन वकिलाला विचार. नुसतं बाजूला उभं राहून बघायचं असेल तर ऑब्झर्व्हेशन माग, ते बहुतेक क्लिनिकवाले देतात.

मग तुझा रस्ता कुठला? सरळ पीटीचाच. पहिलं काम डिग्रीचं मूल्यांकन, एफसीसीपीटी किंवा बोर्डाने मान्य केलेल्या दुसऱ्या संस्थेकडून. तू अलीकडे पास झालीयेस म्हणून तुझी तुलना तिथल्या डीपीटीशी होणार. त्यासाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्ट, प्रत्येक विषयाचा तासांसकट सिलॅबस आणि क्लिनिकल पोस्टिंगचे तास लागतात, आणि ते तुझ्या हातून नाही, संस्थेकडून थेट गेले पाहिजेत. हे इथे असतानाच उरक, लग्नाच्या धावपळीत मागे पडलं की मग बाबांना कॉलेजच्या ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात. आपल्या ओटीपीटी काउन्सिलचं, म्हणजे इथे फिजिओंची नोंदणी करणाऱ्या परिषदेचं, रजिस्ट्रेशन चालू ठेव, गुड स्टँडिंगचं म्हणजे नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचं पत्रही काढून ठेव.

मूल्यांकनात त्रुटी निघतील, बहुतेकींच्या निघतात, घाबरू नकोस. बऱ्याचदा ह्युमॅनिटीज किंवा सोशल सायन्ससारखे जनरल विषय कमी पडतात, ते कम्युनिटी कॉलेजमधून किंवा क्लेप या कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षांनी भरता येतात. फिजिओचेच विषय कमी पडले तर मात्र ते क्रेडिट कुठून घ्यायचे हे रिपोर्ट हातात आल्यावर, मूल्यांकन संस्थेला लेखी विचारून ठरव. ट्रान्झिशनल डीपीटीचा प्रश्न इथे येतो. त्या कोर्सला कॅप्टीची मान्यता नसते आणि त्याने आपोआप लायसन्स मिळत नाही. तुझ्या रिपोर्टमधली नेमकी कमतरता त्यातल्या विषयांनी भरणार असेल तर तो कामाचा, पण रिपोर्ट येण्याआधीच एजंट कोर्स विकतोय म्हणजे तुला काय कमी पडतंय हे त्यालाही माहीत नाही.

टोफेल ही इंग्रजीची परीक्षा लागेल. कॅलिफोर्नियाच्या कायद्याची वेगळी परीक्षाही लागेल. आणि बाहेर शिकलेल्यांना कॅलिफोर्नियात परवानाधारक पीटीच्या थेट देखरेखीखाली क्लिनिकल सर्व्हिस करायला लावतात, जास्तीत जास्त 9 महिने, बोर्डाला वाटलं तर त्यातला काही भाग किंवा सगळीच माफही करतं. ही सुपरव्हिजन मात्र तुझ्या फायद्याची, एडच्या कामाशी तिची गल्लत करू नकोस, कारण ही बोर्डाच्या मंजुरीने आणि कागदोपत्री होते. फक्त त्यासाठी काम करायची परवानगी हातात हवी, म्हणून नवऱ्याच्या आय-140 चं काय चाललंय ते आत्ताच विचार, लाजू नकोस. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तर कॅलिफोर्नियाचं बोर्ड आयटीआयएन हा करासाठीचा नंबर चालवून घेतं, तेवढी एक अडचण तुला कमी.

एनपीटीई आयुष्यात सहाच वेळा देता येते, बारा महिन्यांत तीनदा, तेव्हा बघू जमतंय का म्हणून बसायची ही परीक्षा नव्हे. आणि टेलिग्रामवर रिकॉल प्रश्न, म्हणजे आधी परीक्षा दिलेल्यांनी आठवून फोडलेले प्रश्न, फिरतात त्या ग्रुपमधून आजच बाहेर पड. 2010 मध्ये प्रश्न फुटल्यामुळे एफएसबीपीटीने भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपिन्समध्ये शिकलेल्यांची परीक्षाच थांबवली होती, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनाही झळ बसली. त्या प्रश्नांवर वेळ घालवण्यापेक्षा पेशंटला ट्रीट करायचं की डॉक्टरकडे पाठवायचं याचा सराव कर. कॅलिफोर्नियात 2014 पासून पेशंट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट पीटीकडे येऊ शकतो, 45 दिवस किंवा 12 व्हिजिट यातलं जे आधी संपेल तोवर, त्यामुळे रेड फ्लॅग, म्हणजे गंभीर आजाराच्या खुणा, ओळखणं ही तिथे तुझी स्वतःची जबाबदारी असते. आत्ताच्या क्लिनिकमध्ये रोज निदान एका पेशंटची हिस्ट्री सरांची चिठ्ठी न बघता स्वतः घे, मग चिठ्ठीशी पडताळून बघ.

या आठवड्यात विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज टाक. मूल्यांकनाचा रिपोर्ट आला की त्यातल्या कमी पडलेल्या विषयांची यादी मला पाठव, त्यातलं लग्नाआधी इथे काय भरता येईल आणि तिकडे जाऊन काय करायचं ते आपण ठरवू.