एवढ्याशा कपच्यासाठी ऑपरेशन?

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा. गोल्फ क्लब मैदानावर लांब उडी मारताना गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. एक्स-रेत हाडाचा बारीक कपचा दिसतो, तरी डॉक्टर ऑपरेशन सांगतात. गरज आहे का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, इजा त्या कपच्याएवढीच नसते. या वयात गुडघ्याच्या वाटीच्या कडा कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक थराच्या असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. उडी घेताना मांडीचा स्नायू जोरात ओढला गेला, की वाटीच्या खालच्या टोकाची कूर्चा मोज्यासारखी सोलून निघते. ८ ते १२ वर्षांच्या मुलांत हे विशेष दिसतं.

मी मुलाला आधी पाय सरळ ठेवून उचलायला सांगते. तो उचलता येत नसेल आणि वाटी दुसऱ्या पायापेक्षा वर सरकलेली असेल, तर एक्स-रे कितीही साधा वाटो, मी एमआरआय करून घेते.

तुकडा २-३ मिलिमीटरहून जास्त सरकला असेल, तर ऑपरेशन टाळू नका, लांबवूही नका. वाटीला बारीक भोकं पाडून मजबूत टाक्यांनी किंवा तारेनं तुकडा जागेवर बांधतात. मग काही आठवडे प्लॅस्टर, पुढे फिजिओथेरपी. तोवर गुडघा कुणाकडूनही चोळून घेऊ नका, हे कळकळीनं सांगते.