वळणावर बोट कलते ती का?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की पत्रं वाढतात. या खेपेला बहुतेक पत्रं डीप व्ही तळाच्या बोटींबद्दल आहेत आणि तक्रारी वळणावरच्या आहेत.

प्रश्न : आमच्याकडे आधी सपाट तळाची फायबर होडी होती. यंदा १९ फुटी डीप व्ही बोट घेतली, मागे ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे फळीबाहेर टांगलेलं इंजिन. वीसेक नॉटला चाक फिरवलं की बोट आतल्या बाजूला इतकी कलते की पर्यटक ओरडतात. उलटणार तर नाही ना? (मालवण)

कलणं हा या बोटीचा दोष नाही, तिची पकडच त्यात आहे.

बोटीच्या मागे उभं राहून तळ पाहा. मधल्या कण्यापासून, म्हणजे कोकणातले होडी बांधणारे ज्याला पठाण म्हणतात तिथून, तळाच्या दोन्ही बाजू वर चढत जातात. सपाट होडीत हा चढ जवळपास शून्य असतो, डीप व्हीत मागच्या फळीपाशीही २० ते २४ अंश. आधीच्या वेगवान बोटींचा तळ नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, धारदार असला तरी मागे जाता जाता सपाट होई. अमेरिकेतल्या रे हंट यांनी तो चढ मागपर्यंत टिकवला. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत, खवळलेल्या समुद्रात, त्यांच्या आराखड्याची ‘मॉपी’ पहिली आली आणि मग असा तळ सगळीकडे पसरला.

आता वळणाचं पाहू. मोटारगाडीची पुढची चाकं वळतात; बोटीचं इंजिन मागची बाजू बाहेर ढकलतं. त्यामुळे बोट क्षणभर आडवी, बाहेरच्या दिशेने घसरते. त्या बाजूचं पाणी तळाच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर आदळतं, तिथला दाब वाढतो आणि ती बाजू उचलली जाते. आतली बाजू खाली बसते, आणि तळ व बाजू मिळतात ती कड, जिला चाइन म्हणतात, पाण्यात रुतते. घसरणं थांबतं, बोट वळण धरते.

२० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. या वेगाने २५ मीटर त्रिज्येत वळलात तर बाहेर फेकणारा जोर वजनाच्या सुमारे ४३ टक्के होतो. बोट २३ अंश कलली की हा जोर आणि वजन मिळून माणसाला सरळ सीटमध्ये दाबतात. कन्सोलवर, म्हणजे चाकाच्या मेजावर, ठेवलेला चहाचा ग्लास जागचा हलत नाही. सपाट होडी तेच वळण न कलता घेते, म्हणून तिथे ग्लास बाहेरच्या कडेला जातो आणि बेसावध माणूसही. हाच वेग दुप्पट केला तर तितक्याच सुखाने वळायला चौपट त्रिज्या लागते. नवशिके नेमके इथे चुकतात.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची. वेगात असताना बोट बाहेरच्या बाजूला कलली, किंवा चाक सरळ केल्यावरही उठायला वेळ लावू लागली, तर लगेच वेग हळूहळू कमी करा आणि आधी बिल्ज, म्हणजे पाणी साचते ती तळातली पोकळी, पाहा. तळात साचलेलं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलोचं ओझं, आणि ते नेमकं कललेल्या बाजूला धावतं. दुसरं कारण उभे राहिलेले प्रवासी. सगळे बसलेले हवेत, दोन्ही बाजूंना सारखे. वळण्याआधी ‘डावीकडे वळतोय, धरून बसा’ एवढं मोठ्याने सांगितलं की निम्मी ओरड थांबते.

उभी असताना ही बोट सपाट होडीपेक्षा जास्त डुलते, आणि अगदी हळू चालवताना नाळ इकडेतिकडे भरकटते. तेही तिच्या तळाचंच वैशिष्ट्य आहे. हळू असताना सारखं चाक फिरवून तिच्यामागे धावू नका. थोडं थांबलात तर ती आपोआप परत येते.

प्रश्न : जोरात वळताना मध्येच इंजिन किंचाळतं, आरपीएम वर जातात आणि बोटीला रेटाच उरत नाही. मेकॅनिक म्हणतो कॅव्हिटेशन आहे, पंखा (प्रोपेलर) बदला. (मांडवा)

पंखा विकत घेण्याआधी थांबा. वर्णनावरून हे कॅव्हिटेशन नसून व्हेंटिलेशन दिसतंय, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. कॅव्हिटेशनमध्ये पंख्याच्या पात्यावरचा दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात. पाती खरवडल्यासारखी होतात. व्हेंटिलेशनमध्ये पंखा पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्टचा वायू ओढतो. वळणावर बोट कलते, पंखा पृष्ठभागाच्या जवळ येतो आणि हवा शिरते. पात्यांना पाणीच मिळत नाही, म्हणून इंजिन मोकळं सुटतं.

असं झालं की त्या क्षणी थ्रॉटल थोडं मागे घ्या (झटक्यात बंद नाही), चाक थोडं सरळ करा, ट्रिम आत घ्या, म्हणजे बटणाने इंजिनाचा कल फळीकडे आणा. पंख्याने पाणी पकडल्याचा धक्का जाणवला की पुन्हा हळूच थ्रॉटल द्या. आरपीएम चढलेले असताना थ्रॉटल तसंच दाबून धरलं तर पंखा अचानक पकड घेतो आणि सगळा धक्का गिअरवर जातो.

पुन्हा होऊ नये म्हणून सर्वात मोठा उपाय फुकटातला आहे : वळायच्या आधी ट्रिम आत. सरळ जाताना वेगासाठी इंजिन बाहेर काढलेलं असतं, तसंच ठेवून बहुतेक जण चाक फिरवतात. वळणाच्या दोन-तीन सेकंद आधी बटण दाबून इंजिन फळीकडे आणा. नाळ थोडी बसते, पंखा खोल जातो, पकड येते.

तरीही होत असेल तर बोट ट्रेलरवर असताना इंजिनाची उंची तपासा. पंख्याच्या वर आडवी पट्टी असते ती अँटी-व्हेंटिलेशन प्लेट. इंजिन उभं सरळ करून कण्याच्या खालून एक सरळ लांब पट्टी मागे धरा. प्लेट त्या रेषेत किंवा फार तर २५ मिलिमीटर वर असावी. त्याहून वर असेल तर इंजिन एक भोक खाली उतरवा. पंख्याच्या अगदी पुढे तळावर खोलीमापकाचा सेन्सर किंवा कालवं असतील तर त्यांचे बुडबुडे थेट पंख्यात जातात, तेही पाहा.

हबची, म्हणजे पंख्याच्या मधल्या गाभ्याची, चाचणीही करून टाका. पंख्याच्या आतल्या हबवर आणि बाहेरच्या नळीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले तर आतलं रबर सुटलंय. मात्र हबचा बिघाड सरळ जातानाही थ्रॉटल देताच दिसतो. फक्त वळणावर होत असेल तर हबवर संशय घेऊ नका.

प्रश्न : संध्याकाळी खाडीत परत येताना लाटा मागून होत्या. नाळ लाटेत घुसली आणि चाक न फिरवता बोट एकदम आडवी झाली. (हर्णै)

वर वळणासाठी ट्रिम आत घ्या असं सांगितलं, तोच सल्ला इथे घात करतो.

इंजिन फार आत असलं की नाळ खाली राहते. मागून लाट उचलते तेव्हा बोट उतारावरून खाली धावते आणि धारदार नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत रुतते. आता नाळच सुकाणू बनली. बोट पुढच्या टोकाभोवती फिरू लागते, मागची लाट फळी बाजूला ढकलते आणि बोट लाटेला आडवी येते. तुम्ही चाक उलट फिरवता, पण उचललेल्या पंख्याला तेव्हा पाण्याची पकड नसते.

मागून लाटा असताना ट्रिम बाहेर काढून नाळ हलकी ठेवा, ट्रिम टॅब, म्हणजे फळीच्या खालच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, असतील तर पूर्ण वर. जड सामान आणि माणसं नाळेतून मागे आणा. वेग असा ठेवा की लाटेच्या पाठीवर बसून तिच्याबरोबर याल. शिखर ओलांडून उतारावर धावू नका. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, ओहोटीला लाटा तिथे उभ्या राहून फुटतात. तिथे तर वळणंच नको. बाहेर थांबून लाटा मोजा, दिशा आधीच सरळ धरा आणि मगच शिरा.

प्रश्न : मुलाला वळणं शिकवायची आहेत. सुरुवात कशी करावी? (पणजी)

सकाळी, वारा पडलेला असताना. दुपारच्या वाऱ्यात नवशिक्याला लाटेचा परिणाम कुठला आणि स्वतःच्या हाताचा कुठला, हेच कळत नाही. जागा फेरीबोटीच्या वाटेपासून दूर हवी. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, सराव आणि प्रवासी वाहतूक एका पाण्यात नसावी, याला आणखी पुरावा नको.

किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली असावी, आणि निघण्याआधी ती ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते पाहा. चालक बाहेर फेकला गेला तर मोकळं सुटलेलं आउटबोर्ड स्वतःहून वळतं आणि बोट गोल फिरत पाण्यातल्या माणसावरच येते.

चाक मधोमध आणून सर्वात वरच्या आऱ्यावर रंगीत टेप गुंडाळा. मुलाला इंजिन नेमकं कुठे वळलंय ते आता नजरेने कळेल. दोन तरंगत्या खुणा ५० मीटरवर सोडा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायला लावा : आधी ५ नॉटला, मग १८ ते २० नॉटला. क्रम असा : खांद्यावरून मागे पाहणं, प्रवाशांना सांगणं, वेग थोडा कमी, ट्रिम आत, मग चाक. वळणात बोटीचा वेग आपोआप पडतो, म्हणून मधोमध थोडं थ्रॉटल द्यावं लागतं. वळण संपायच्या आधीच चाक परत आणायला सुरुवात करावी. बोट थोडी जास्तच फिरते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच पक्की करा : ऐन वळणात थ्रॉटल एकदम बंद करायचं नाही. घाबरलेला हात नेमकं तेच करतो. मग नाळ बसते, पाण्यात रुतते, मागची बाजू सुटते आणि बोट गर्रकन फिरून बाहेरच्या बाजूची माणसं पाण्यात फेकू शकते. आकडा काढताना स्वतःचीच लाट आडवी येईल. ती तिरकी घ्यावी, सरळ आदळू नये.

प्रश्न : हात सोडला की चाक उजवीकडे ओढतं. (अलिबाग)

उजव्या फिरकीच्या पंख्याचा तो स्वभाव आहे, ट्रिम बाहेर असताना जास्त. अँटी-व्हेंटिलेशन प्लेटखाली छोटा पंख असतो. बोल्ट ढिला करून त्याची मागची कड थोडी उजवीकडे वळवा, घट्ट करा, फेरी मारा. तुम्ही नेहमी ज्या ट्रिमवर चालवता त्याच ट्रिमवर तपासा, नाहीतर एक बरोबर होईल आणि दुसरं बिघडेल. पंख झिंकचा असेल तर त्याला रंग लावू नका; इंजिनाऐवजी गंजणं हेच त्याचं काम आहे.

प्रश्न : ३५ नॉटच्या पुढे सरळ जातानाच बोट डावी-उजवी डुलू लागते. (उरण)

याला चाइन वॉक म्हणतात. एवढ्या वेगात बोट जवळजवळ कण्यावरच तोललेली असते. चाकाने सावरू जाल तर हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो आणि डुलणं वाढतं. चाक स्थिर धरा, थ्रॉटल सावकाश कमी करा, ट्रिम थोडी आत घ्या. धक्क्यावर आल्यावर इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. चाक धरलेलं असताना ते सैल हलत असेल तर स्टिअरिंगच्या केबलमध्ये किंवा सांध्यात ढिलेपणा आहे, आणि तो काढल्याशिवाय त्या वेगाने वळू नका.