प्रश्न तुमचे, उत्तर तारवट्याचं : कप्तानाचं वकीलपत्र

मागच्या अंकात एका वाचकाला मी एवढंच लिहिलं होतं, की ‘फायरफ्लाय’ जरूर बघा, पण त्यातल्या कप्तानाच्या प्रेमात पडू नका. त्यावर आलेली पत्रं बघता निम्मे वाचक आधीच पडलेले दिसतात आणि उरलेले त्याच्यावर खटला भरायच्या तयारीत आहेत. मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: जॉस व्हीडनची ही मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २००२ साली आली. काळ २५१७. ग्रहांच्या एकीकरणाच्या युद्धात हरलेला सार्जंट माल्कम रेनॉल्ड्स ‘सेरेनिटी’ नावाचं जुनं मालवाहू यान घेऊन मिळेल ते भाडं उचलत हिंडतो. भाडं बहुतेक वेळा चोरीच्या मालाचं. यानावर नऊ माणसं. घोडे आहेत, पिस्तुलं आहेत, परग्रहवासी नाहीत. १४ भाग बनले, ११ दाखवले आणि वाहिनीने गाशा गुंडाळला. मी तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस; ती जहाजाच्या मेसरूममध्ये (जेवणाच्या खोलीत) कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून पाहिली. कप्तानाच्या बाबतीत डेकवाले एका बाजूला, इंजिनवाले दुसऱ्या. माझं मत इंजिनरूमचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तारवटीकाका, माझा भाऊ म्हणतो मालिका रेल्वेदरोड्याच्या भागापासून बघायची, कारण ती टीव्हीवर तशीच आली. मी म्हणते ‘सेरेनिटी’ नावाच्या दोन तासांच्या भागापासून. घरात दोन दिवस अबोला आहे. — फोंडा

तुझं बरोबर. भावाला पाव-भाजी खायला ने आणि विषय मिटव. रेल्वेदरोड्याचा ‘द ट्रेन जॉब’ २० सप्टेंबर २००२ ला आधी दाखवला, कारण वाहिनीला मूळचा पहिला भाग संथ वाटला. तो मूळ भाग दाखवला २० डिसेंबरला, म्हणजे मालिका आटोपताना. नऊ माणसांची ओळख सगळ्यांत शेवटी! लोक का टिकले नाहीत याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

भावाला नुसत्या तारखांनी पटणार नाही, म्हणून एक पुरावा देतो. ‘सेरेनिटी’ भागात मेकॅनिक कायली कप्तानाकडे नवीन कॉम्प्रेशन कॉइल मागते. कप्तान चेष्टेत उडवून लावतो, पैसे कुठे आहेत? पुढे ‘आउट ऑफ गॅस’मध्ये त्याच कॉइलचा एक भाग फुटतो, आग लागते आणि यान अंतराळात मधोमध बंद पडतं. इंजिनरूममध्ये काम केलेल्या माणसाला हे बघताना कसंसं होतं. स्पेअर मागायचा, वरून ‘पुढच्या बंदरात बघू’ असं उत्तर यायचं आणि मग बरोबर दोन बंदरांच्या मधे तो पार्ट जायचा. भावाच्या क्रमाने बघितलं तर आधी स्फोट होतो आणि कॉइलची मागणी मागाहून येते.

मी पणजीला इतिहास शिकते. ‘फायरफ्लाय’ म्हणजे अमेरिकन यादवीत हरलेल्या दक्षिणेचं उदात्तीकरण आहे, असं मी मैत्रिणींना म्हटलं, तर सगळ्या तुटून पडल्या. ‘गोष्ट म्हणून बघ ना’ म्हणतात. तुम्ही कुणाच्या बाजूने?

तुझ्या बाजूने, पण पुरता नाही.

व्हीडनने स्वतः सांगितलंय, की त्या यादवीतल्या गेटिसबर्गच्या लढाईवरची मायकल शाराची कादंबरी वाचून त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे नातं तू लावलेलं नाहीस, घरच्यांनीच कबूल केलंय. हरलेले तपकिरी कोटवाले, दूरच्या राजधानीतलं बलाढ्य सरकार, उजाड सीमाभाग, घोड्यावरचा माजी सैनिक. सगळं सामान तिकडचंच आहे. आणि त्या सामानातून एक गोष्ट हळूच बाहेर काढलेली आहे: दक्षिण ज्यासाठी लढली ती गुलामगिरी. पराभवाचं दुःख घेतलं, लढाईचं कारण बंदरावर ठेवून आले. तुझा आक्षेप इथे नेमका बसतो.

आता मैत्रिणींकडची पानं. ‘शिंडिग’ या भागाच्या सुरुवातीलाच कप्तान गुलामांच्या व्यापाऱ्यांचा खिसा कापतो आणि त्याबद्दल त्याला मुळीच वाईट वाटत नाही. त्याच्यासोबत युद्धात लढलेली आणि आता यानावर त्याच्या खालोखाल अधिकार असलेली झोई ही कृष्णवर्णीय स्त्री आहे. लेखकाला नातं ठाऊक होतं आणि ते कुठे तोडायचं हेही ठाऊक होतं. ते तोडणं प्रामाणिक की सोयीचं, यावर चाहते वीस वर्षं भांडताहेत. मला ते थोडं सोयीचं वाटतं.

पण ‘हरलेल्याच्या बाजूने गोष्ट सांगणं म्हणजे त्याचं उदात्तीकरण’ हे मला पटत नाही, आणि गोव्यात, तेही मराठी मासिकात, ते पटवणं अवघडच. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तू पुस्तकात वाचला असशील. महाराष्ट्रात विलीन व्हायचं त्यांचं चिन्ह फूल, वेगळं राहायचं त्यांची दोन पानं. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. माझे आजोबा फुलाचे. ३४ हजारांनी हरले आणि आयुष्यभर हरलेलेच राहिले. दर १६ जानेवारीला धुवट सदरा घालून ते मुद्दाम दोन पानांवाल्यांच्या चहाच्या दुकानात जाऊन बसायचे. चहा मागवायचा, कुणीतरी काहीतरी बोलेल याची वाट बघायची, आणि बोललं की सुटायचं. ‘द ट्रेन जॉब’च्या सुरुवातीला एकीकरणाच्या वर्धापनदिनी कप्तान मुद्दाम सरकारवाल्यांच्या गुत्त्यात जाऊन बसतो आणि मारामारी ओढवून घेतो, तेव्हा मी मेसरूममध्ये एकटाच मोठ्याने हसलो होतो. बाजूच्या फिलिपिनो बोसनला (डेकवरच्या मुकादमाला) कळेना, मारामारीत हसण्यासारखं काय आहे.

आजोबांचं मत बरोबर होतं की चूक, हा वेगळा प्रश्न. (माझं मत दोन पानांचं आहे, म्हणून घरात मला कुणी विचारत नाही.) पण हरलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी उठून दुकान कसं उघडायचं, भाडं कसं आणायचं, जिंकलेल्यांच्या शिक्क्याचे कागद खिशात घेऊन कसं फिरायचं, एवढ्याची तरी गोष्ट सांगता येते, आणि ‘फायरफ्लाय’ ती उत्तम सांगते. तिची खरी पंचाईत दुसरीच आहे. तिला एकच हरलेला दिसतो. बाकीचे हरलेले तिच्या चौकटीतच येत नाहीत. चिन्यांचंच बघ. २५१७ च्या या जगावर म्हणे अमेरिका आणि चीन या दोघांची छाप आहे. माणसं काड्यांनी जेवतात, चिडली की मँडरिनमध्ये शिव्या घालतात. पण नऊ जणांच्या यानात चिनी माणूस एकही नाही. आमच्या जहाजावर चिनी फिटर होता. ते उच्चार ऐकून तो आधी हसला, मग म्हणाला, आमची भाषा नेली, आम्हाला नेलं नाही. दक्षिणेबद्दल पुढचा निबंध लिहिशील तेव्हा त्या फिटरचा मुद्दाही घाल. तुझ्या मैत्रिणींकडे त्याला उत्तर नसणार.

कप्तान इनाराला येता-जाता वेश्या म्हणतो आणि चाहते त्याला ‘छुपं प्रेम’ म्हणतात. माझा नवराही त्यातलाच. मला संताप येतो. जास्तच होतंय का? — म्हापसा

मुळीच नाही. यानावर राहणारी इनारा ‘कंपॅनियन’ आहे, म्हणजे त्या जगातली प्रतिष्ठित गणिका. तिच्या संघाचा परवाना आहे, गिऱ्हाईक ती स्वतः निवडते आणि यानातल्या छोट्या शटलचं भाडं कप्तानाला वेळेवर देते. यानाला जिथे कुणी दारात उभं करत नाही, तिथे तिच्या नावावर दारं उघडतात. म्हणजे ज्या भाडेकरूच्या अब्रूवर घरमालकाचा धंदा चालतो, तिलाच तो नावं ठेवतो. ‘शिंडिग’मध्ये दुसरा एक श्रीमंत गृहस्थ तेच म्हणतो तेव्हा मात्र कप्तान त्याच्या थोबाडीत मारतो आणि तलवारीच्या द्वंद्वात अडकतो. त्याचं समर्थन असं, की मी तुझ्या कामाचा मान ठेवत नसेन, पण त्या माणसाने तुझाच ठेवला नाही. तुमच्या यजमानांना हे वाक्य फार आवडत असणार. मला ते बचावाच्या वकिलाचं वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा नाही. देवळाच्या सेवेतल्या घराण्यांतल्या बायकांना गावाने गाण्यासाठी पालखीपुढे उभं केलं आणि पंक्तीला बाजूला बसवलं. गाण्याला मान, गाणारीला नाही, हेच ते गणित. यजमानांना आणखी एक सांगा: १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. मालिकेतलं यान खोटं, हे खरं. आणि त्यातून गोव्याच्या बाजूने कोण गेलं, तर कुणी कप्तान नव्हे.

वॉशला मारलं म्हणून मी तो चित्रपट मानतच नाही. चालेल? — वास्को

(चित्रपट न पाहिलेल्यांनी हे उत्तर सोडावं, जरी वाचकाने आधीच घोळ घातलाय.) चालेल. मालिका बंद पडली, डीव्हीडीवर लोकांनी ती उचलून धरली आणि ३० सप्टेंबर २००५ ला ‘सेरेनिटी’ चित्रपट आला. त्यात पायलट वॉश मोडकं यान शर्थीने उतरवतो आणि पुढच्या क्षणी मरतो. समर्थक म्हणतात, त्यामुळे पुढच्या लढाईत कुणीही वाचणार नाही अशी खरी धास्ती बसते. बसते ना. पण ती धास्ती वॉशच्या खर्चाने बसते आणि त्याच्यासाठी थांबायला कुणाला वेळ नसतो. शेवटी थडगी दाखवतात, तेवढंच. जहाजावर माणूस गेला तरी वॉच (कामाची पाळी) थांबत नाही, हे मला ठाऊक आहे, त्याच्या बायकोचं, म्हणजे झोईचं, लढत राहणं मी म्हणूनच मान्य करतो. लेखकाची घाई मान्य करत नाही. हे पात्र मारायचं तर आणखी एक सीझन हातात हवा होता.

यान आहे तर घोडे कशाला? आणि बाहेर अंतराळात आवाज का येत नाही, माझ्या टीव्हीत बिघाड आहे का? — कुडचडे

टीव्ही ठीक आहे. अंतराळात हवा नाही, म्हणून आवाज नाही. या मालिकेने तेवढं शास्त्र पाळलं आणि त्या जागी बहुधा गिटार किंवा फिडल वाजवलं. घोड्याला इंधन लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत आणि तो स्वतःसारखा दुसरा घोडा तयार करतो. नव्याने वसवलेल्या गरीब चंद्रावर तुम्ही काय न्याल? शास्त्रवाल्यांना ही मालिका आवडत नाही असं कुणी म्हटलं, तर सांगा की स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीराने २००७ साली तिच्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या होत्या.

माझ्या वडिलांची बार्ज होती, आमोण्याहून खनिज मुरगावला न्यायची. २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि बार्ज धक्क्याला लागली ती लागलीच. ते हल्ली काहीच बघत नाहीत. एकच भाग दाखवायचा तर कुठला? मित्र म्हणतात ‘ऑब्जेक्ट्स इन स्पेस’. — डिचोली

मित्र तत्त्वज्ञानवाले दिसतात. तो भाग चांगला आहे, पण वडिलांना दाखवू नका, दहाव्या मिनिटाला उठून जातील. त्यांना ‘आउट ऑफ गॅस’ दाखवा.

यान बंद पडलेलं, हवा संपत आलेली, कप्तान एकटा, पोटात गोळी. मधेमधे मागच्या गोष्टी: यान कसं घेतलं, एकेक माणूस कसा मिळाला. कायलीची नेमणूक बघताना वडिलांचा चेहरा बघा. आधीचा मेकॅनिक हात टेकून बसलेला असतो, ही पोरगी आत डोकावते, एक भाग काढून टाकते, म्हणते हा लागतच नाही, आणि इंजिन सुरू! खलाशी माणसं अशीच मिळतात, अर्ज मागवून नव्हे. आणि शेवटी जुन्या यानांच्या बाजारात विक्रेता कप्तानाला चकचकीत यान दाखवत असतो, तर ह्याची नजर मागे कोपऱ्यातल्या भंगारावर.

कप्तानाबद्दल मी वर इतकं वाईट लिहिलं, पण या भागात त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. इथे तो फक्त बोटवाला आहे. वडिलांसाठी सबटायटल लावा, यानावरच्या भाडोत्री बंदूकवाल्या जेनचं बोलणं आमच्या डेकवाल्यांनाही धड कळत नसे. आणि ते म्हणतील की एवढ्या मोठ्या यानावर स्पेअर कॉइल नाही म्हणजे मालक मूर्ख आहे. म्हणू द्या, आणि मग त्यांच्या बार्जवर कुठले स्पेअर असायचे ते विचारा.