पट्टीवरच्या कपाती

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. उत्तर मोबाईलवर मावेना म्हणून कागद घेतला. पैसे पाठवायचं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तुझ्या आईनं पेढे आणून दिले, दोन खाल्ले. पण त्यात तू लिहिलंस, ‘काका, आमचं काम म्हणजे इकडचा आकडा तिकडे. राजकारणाचा काही संबंध नाही.’ अडतीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी खतावणी लिहिली. इकडचा आकडा तिकडे हेच माझंही काम होतं, त्यामुळे हे वाक्य तसंच सोडवेना.

लहानपणी दुकानात यायचीस तेव्हा पट्टी बघितली आहेस तू. सौदे झाले की शेतकऱ्याच्या हातात ती पडायची. वर गुळाचे रवे म्हणजे ढेपा, वजन, दर. खाली हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल. तळाला उरेल ते त्याचं. नवखा माणूस दर बघून खूश व्हायचा. मुरलेला पट्टी खालून वर वाचायचा. तूही पैशाचा कुठलाही व्यवहार तसाच वाचायला शीक.

तुमच्या घरच्या उसाचंच घे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कागदावर एवढं सरळ. पण चौदा दिवसांत सगळे द्यायचे की थोडे आता, थोडे नंतर, यावर आपल्याकडे रस्ते अडले, ट्रॅक्टरच्या चाकांची हवा गेली, निवडणुका लढवल्या गेल्या. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. कारखान्याचीही बाजू आहे, साखर काही चौदा दिवसांत विकली जात नाही, ती वर्षभर विकते. मग तेवढे महिने भांडवल कुणाचं अडकायचं, कारखान्याचं, बँकेचं की तुझ्या वडिलांचं? तारीख ठरवणं म्हणजे हे ठरवणं.

आणि ते बिल थेट हातात येतं का? गावातल्या विकास सोसायटीचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं, पीककर्ज आधी कापून घेतलं जातं. सोसायटी जिल्हा बँकेला बांधलेली, बँक कारखान्याला कर्ज देणारी. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलातूनही पशुखाद्याचे पैसे वळते होतात. यात वाईट काही नाही. सावकाराच्या दारातून माणसं बाहेर पडली ती याच साखळीमुळे. पण ज्याच्या सहीनं कर्ज मंजूर होतं, तो मत मागायला आला की त्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. आपल्या जिल्ह्यातले किती पुढारी भाषणांनी मोठे झाले आणि किती सोसायटीच्या, बँकेच्या संचालकपदावरून, हे तूच एकदा मोजून बघ.

साखळी कशी तुटते तेही आपण पाहिलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेच्या सुमारे ८६ टक्के. सहाच दिवसांनी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. सरकारी आणि खासगी बँका घेत होत्या, पण खेड्यातल्या माणसाचं खातं नेमकं जिल्हा बँकेत. दुकानात एक म्हातारे शेतकरी रोज यायचे, नोटांची पुडी धोतराच्या सोग्यात. ‘दिवाणजी, माझा पैसा खोटा कसा?’ मी चहा मागवायचो, दुसरं काय करणार. पुढं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं की ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या. निर्णय बरोबर की चूक यावर तुझ्या-माझ्यात वाद होऊ शकतो, दिवाळीत घालू. पण त्या आठवड्यात कुठल्या बँकेवर सरकारचा विश्वास आहे आणि कुठल्या नाही, हे मात्र लख्ख दिसलं.

आता थोडं जुनं. मार्च १९२० मध्ये आपल्या माणगावला परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष, शाहू महाराज स्वतः हजर. ही गोष्ट शाळेत शिकलीस. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि तिथला त्यांचा रुपयावरचा प्रबंध १९२३ साली छापून आला, हे फारसं कुणी सांगत नाही. रुपये किती पाडायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहिलं तर रुपयाची किंमत घसरते आणि मार गरिबाला बसतो, म्हणून त्यांच्या हाताला बांध घाला, असं त्यांचं म्हणणं. आज बिटकॉइनवाली पोरं हेच बोलतात. २ कोटी १० लाखांच्या पुढं नाणं निघणारच नाही, सरकार नकोच. बाबासाहेबांचं नाव घेऊन कुणी असं बोललं तर त्याला १९४७ सालचं त्यांचं निवेदन दाखव. तिथं ते शेती, विमा, मूलभूत उद्योग सरकारकडे द्या म्हणतात. माणूस तोच. तेव्हा अमक्याचं पैशाबद्दलचं मत ऐकून त्याचा झेंडा कुठला हे लगेच ठरवू नकोस. मी ठरवायचो, तीनदा तोंडघशी पडलोय.

तुझ्या कामाकडे येतो. २०१४ मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर काही रशियन बँकांची कार्डं परदेशी कंपन्यांनी बंद केली. रशियानं धडा घेऊन देशातल्या देशात कार्डाचा हिशोब स्वतःकडे आणला. म्हणून युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड निघून गेल्या तरी तिथल्या दुकानांत जुनी कार्डं चालत राहिली, फक्त सीमेबाहेर मेली. आपलं रुपे कार्ड, मोबाईलवरून पैसे पाठवायचं यूपीआय याच्याकडे त्या नजरेनं बघ. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणून आज महाद्वार रोडवर गजरेवालीपुढंही क्यूआर कोड आहे. पैसे पाठवणं रस्त्यासारखं फुकट असावं, हासुद्धा एक राजकीय विचार आहे आणि मला तो पटतो. पण रस्ता दुरुस्त करायला पैसे लागतात. ते आज बँका आणि सरकार सोसतात. शिवाय पाचातले चार व्यवहार दोनच खासगी अ‍ॅपांतून जातात. तुझी कंपनी त्या दोघांतली की उरलेल्यांतली, मला माहीत नाही.

एक कर. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात वरिष्ठांना विचार, एखाद्याचं खातं गोठवायचा आदेश आला तर तो आपल्याकडे कुणाकडून येतो, कुठल्या कलमाखाली, आणि त्या माणसाला ते कळवायचं काम कुणाचं? ठामपणे विचार, पण भांडू नकोस. उत्तर गुळमुळीत आलं तर तुझ्या वहीत तारीख टाकून लिहून ठेव.

बाकी ठीक. गुडघा दुखतो. वडिलांचं ऊसबिल आलं असेल तर कपातीच्या रकान्याचा फोटो पाठव. चष्म्याचा नंबर वाढलाय, जरा जवळून काढ.

तुझा,
दिवाणजी काका